अँबॅसेडर, एकास चोवीस

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव चव्हाण १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये, निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ मध्ये, बाभळगावचे विलासराव देशमुख १९९९ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये, आणि २००८ मध्ये अशोकराव चव्हाण. यातल्या बऱ्याच वर्षांत मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सरकार उभे राहायचे ते पांढऱ्या अँबॅसेडरच्या रूपात. मंत्र्यांचा ताफा, जिल्हाधिकाऱ्यांची फेरी, साखर कारखान्याच्या चेअरमनची भेट, सगळीकडे तीच गोलाकार पाठीची, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली गाडी. लग्नात नवरदेवही तिच्यातूनच उतरायचा. आपल्या रस्त्यांचा गेल्या शतकातला इतिहास एखाद्या मोटारीत शोधायचा असेल, तर तो या गाडीत सापडतो.

आणि नेमकी हीच गाडी मोटारींच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या जगात जवळजवळ अनुपस्थित आहे. तामिया, रेव्हेल, एएमटी या नामांकित कंपन्यांच्या संचांत फोर्ड, शेव्हरलेट, पोर्शे, फेरारी रांगेने मिळतात. अँबॅसेडरचा संच त्यांत नाही. आपल्याकडे सेंटी टॉइज या भारतीय कंपनीची मागे ओढून सोडायची प्लास्टिकची अँबॅसेडर मिळते, ती मुलांच्या हातात शोभते. पण ते खेळणे आहे, मापाने केलेली प्रतिकृती नव्हे. त्यामुळे नांदेडला किंवा लातूरला बसून ज्याला ही गाडी १:२४ या प्रमाणात करायची आहे, त्याला ती जवळजवळ सगळी स्वतःच्या हाताने घडवावी लागते. हे प्रकरण त्या घडवण्याबद्दल आहे.

आधी या छंदाची थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत एएमटीने १९५८ मध्ये ‘एकात तीन’ प्रकारचे संच बाजारात आणले. एकाच खोक्यातल्या भागांमधून गाडी कारखान्यातून निघते तशी करा, शर्यतीची करा किंवा मनाप्रमाणे बदललेली, म्हणजे ‘कस्टम’ करा. छप्पर खाली आणायचे, बंपर काढून टाकायचे, बॉनेटमधून इंजिन वर काढायचे, रंगाच्या ज्वाळा ओढायच्या. या हौसेतून पुढे फार कुशल माणसे तयार झाली. त्याही आधी, १९३० पासून, जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने मुलांसाठी ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची स्पर्धा चालवली. सुरुवातीची काही वर्षे मुलांनी घोड्यांच्या शाही बग्गीची प्रतिकृती करायची होती. नंतर स्वतःच्या कल्पनेतली मोटार १:१२ प्रमाणात. बक्षीस म्हणून शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. १९४७ मध्ये जिंकलेला चक जॉर्डन हा मुलगा पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. लाकूड तासत बसलेल्या पोरांवर एका कंपनीने जवळजवळ चार दशके खर्च केला, आणि त्याचा मोबदला तिला मिळाला. या गोष्टीकडे शेवटी पुन्हा वळू.

ज्वाळा आणि उघड्या इंजिनांच्या कस्टम गाड्या मला बघायला आवडतात, पण त्या कुठल्याही गावच्या असू शकतात. आपल्याकडच्या कारागिराने अँबॅसेडर करायला घेतली, तर तिच्यातला प्रत्येक बदल कुठल्या तरी खऱ्या गाडीकडे बोट दाखवणारा असावा, असे माझे मत आहे. गाडी कोणत्या वर्षाची, कोणाच्या दारात उभी, कोणत्या रस्त्याने आलेली, हे मॉडेलकडे पाहून सांगता आले पाहिजे. म्हणून पहिले काम हातांचे नाहीच. ते आहे वर्ष ठरवण्याचे.

अँबॅसेडरचे मूळ ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज तीन या गाडीत आहे. ती बनवणारी हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्ये गुजरातेत पोर्ट ओखा इथे सुरू झाली आणि पुढे कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला गेली. आधी हिंदुस्थान टेन, मग लँडमास्टर आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस अँबॅसेडर. १९६० च्या दशकात मार्क दोन आली, १९७५ च्या सुमारास मार्क तीन, १९७९ मध्ये मार्क चार. १९८० मध्ये तिला डिझेल इंजिन मिळाले. १९९० च्या दशकात नोव्हा आणि इसुझूच्या १८०० सीसी इंजिनाची गाडी आली. २४ मे २०१४ रोजी उत्तरपाड्याचे काम थांबले, आणि २०१७ मध्ये हे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्युजो गटाकडे गेले. अर्धशतकाहून अधिक काळ छप्पर, दरवाजे, पाठ जवळजवळ तशीच राहिली. बदलत गेले ते पुढची जाळी, दिवे, डॅशबोर्ड आणि बॉनेटखालचे यंत्र. म्हणजे कारागिराच्या दृष्टीने सोयच आहे. सांगाडा एकदा नीट जमला की पुढच्या तोंडावर वर्ष लिहिता येते. निलंगेकरांच्या काळातली गाडी करायची तर मार्क चारची जाळी हवी. शंकररावांच्या पहिल्या कारकिर्दीतली हवी असेल तर रस्त्यावर मार्क दोन आणि मार्क तीन दोन्ही होत्या, म्हणून जुना फोटो शोधून त्यावरच निर्णय घ्यावा.

वर्ष ठरले की नंबरप्लेट ठरते. आज लातूरची एमएच २४ आणि नांदेडची एमएच २६ ही ओळख सगळ्यांना पाठ आहे, पण ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अगदी शेवटी आली. त्याआधी तीन अक्षरे आणि चार आकडे असत. १९८५ च्या गाडीवर एमएच २४ लावले, तर बाकीचे सगळे काम कितीही देखणे असले तरी जाणता माणूस हसेल. रंगही बघा: त्या काळी खासगी गाडीची पाटी काळी आणि त्यावर पांढरी अक्षरे असत, पांढऱ्यावर काळी अक्षरे खासगी गाड्यांना एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली. लाल दिव्याचेही तसेच आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरून तो उतरला. त्याआधीची मंत्र्यांची गाडी करत असाल तर छतावर दिवा हवा. लाल दिव्यासाठी मण्यांच्या दुकानातला पारदर्शक लाल मणी तळाशी घासून सपाट केला की पुरतो.

आता माप. १:२४ हे प्रमाण आले ते फूट-इंचांतून: एका फुटाला अर्धा इंच. आपल्याकडच्या सुताराला, फॅब्रिकेशनवाल्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही, कारण तो अजूनही सुतात बोलतो. इंचाचे आठ सूत. म्हणजे १:२४ मध्ये खऱ्या गाडीचा एक फूट बरोबर चार सूत होतो आणि तीन इंचांचा एक सूत. अँबॅसेडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर ९७ इंच, म्हणजे २४६४ मिलिमीटर. भागिले २४, सुमारे १०२.७ मिलिमीटर. गाडीची लांबी ४३२५ मिलिमीटर धरली तर मॉडेल १८० मिलिमीटरचे. रुंदी १६६२, मॉडेलमध्ये ६९ मिलिमीटरला किंचित वर. एवढी गाडी तळहातावर मावते आणि तरी दाराची मूठ वेगळी करून लावता येईल इतपत मोठी राहते. १:४३ मध्ये हीच गाडी जेमतेम १०० मिलिमीटरची होते. तिथे मुठी रंगाने दाखवाव्या लागतात.

प्रमाण फक्त लांबीला लागू होत नाही, जाडीलाही लागते, आणि बहुतेक मॉडेल इथेच खेळण्यासारखे दिसू लागते. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाड. २४ पट लहान केला तर ०.०४ मिलिमीटर. इतक्या पातळ प्लास्टिकची गाडी उभी राहणार नाही. उपाय असा की अंग जाड ठेवायचे, पण चाकांवरची कमान, खिडकीची चौकट, पुढची जाळी जिथे बसते ते तोंड, या नजरेला दिसणाऱ्या कडा आतून तिरप्या तासून धारेसारख्या पातळ करायच्या. डोळा कडेवरून जाडी ओळखतो. तसेच दाराच्या फटीचे. खऱ्या गाडीत पाच मिलिमीटरची फट मॉडेलमध्ये ०.२ मिलिमीटरची होते; ती कोरणीने ओढायची आणि रंगाने भरू द्यायची नाही. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर झाला, तर खऱ्या गाडीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड असल्यासारखा दिसतो. हे एवढे आकडे मनात ठेवले की पुढची निम्मी चर्चा आपोआप सुटते.

पुस्तकातले आकडे पुरत नाहीत. छपराचा बाक किती, मागच्या डिकीचा उतार कुठून सुरू होतो, पुढच्या मडगार्डाची फुगवट कुठे संपते, हे खऱ्या गाडीजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. लातूर-नांदेडला अजून अशा गाड्या आहेत. कुठे वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली, कुठे जुन्या गॅरेजच्या मागे, काही अजून चालत्या. मालकाला विचारले तर बहुधा तो आनंदाने दाखवतो, आणि गाडीची सगळी हकीकतही सांगतो; ती वहीत लिहून घ्या. फोटो काढताना जवळून काढू नये. जवळून काढलेल्या फोटोत पुढचे चाक मोठे आणि मागचे लहान येते, आणि त्यावरून घेतलेली मापे फसतात. पंधरा-वीस मीटर मागे जा, झूम करा, कॅमेरा दाराच्या मुठीच्या उंचीवर धरा. गाडीला टेकून मीटरपट्टी उभी करा. मग छापील फोटोवर चाकांतले अंतर १०२.७ मिलिमीटर होईपर्यंत प्रिंट लहान-मोठी केली की तो फोटोच तुमचा नकाशा होतो. झेरॉक्सच्या दुकानात हे काम काही रुपयांत होते. वळणांसाठी जुनी सोपी युक्ती: जाड तार त्या अंगावर दाबून वळवा, तशीच उचलून कागदावर ठेवा आणि पेन्सिलने रेष ओढा.

अंग घडवण्याचे दोन रस्ते आहेत. एक, मिळेल त्या खेळण्याला कापून, लांबवून, भर घालून त्यातून गाडी काढणे. यात वेळ वाचतो, पण खेळण्याचे प्रमाण चुकलेले असते आणि चूक दुरुस्त करता करता मूळचे काही उरत नाही. दुसरा रस्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो: लाकडाचा ठोकळा. पॅकिंगच्या खोक्यांचे मऊ पाइनचे लाकूड वखारीत मिळते. त्यातून गाडीचे अंग कोरायचे, पण पूर्ण मापाचे नाही. वर जो पत्रा चढणार आहे त्याच्या जाडीइतके सगळीकडून कमी. हा पत्रा म्हणजे ओळखपत्रे छापणाऱ्यांकडे मिळणारा पांढरा पीव्हीसी. एटीएम कार्डाची जाडी जगभर ०.७६ मिलिमीटर ठरलेली आहे आणि हा पत्राही तेवढ्याच जाडीचा मिळतो. म्हणजे ठोकळा रुंदीला दीड मिलिमीटरने अरुंद हवा, ६७.७ च्या आसपास. ठोकळ्यावर लांबी भरून, घासून, लाखेचे हात देऊन तो गुळगुळीत करा. मग छिद्रे पाडलेल्या खोक्यावर तो ठेवा, खोक्याला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडा, चौकटीत ताणलेला पीव्हीसी उष्णतेने लोंबेपर्यंत मऊ करून ठोकळ्यावर दाबा आणि हवा ओढा. पत्रा एका क्षणात ठोकळ्याला चिकटून बसतो. पीव्हीसी जास्त तापला तर त्यातून घातक आम्लाचा वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करा, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको.

यानंतरच्या छोट्या भागांसाठी परदेशी छंदवाले पितळेच्या कोरीव जाळ्या आणि तयार क्रोम-पन्नी मागवतात. मराठवाड्यात त्याची फारशी गरज पडत नाही, आणि हा भाग लिहिताना मला खरा आनंद होतो. शेतीच्या मोटारी जिथे दुरुस्त होतात त्या वायंडिंगच्या दुकानात शिरा. तिथे तांब्याची तार गेजप्रमाणे मिळते: २२ गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर, २८ गेज ०.३८, ३० गेज ०.३२. २८ गेजची तार २४ पट केली की नऊ मिलिमीटर, पुढच्या जाळीच्या पट्ट्यांना साजेशी. त्याच दुकानाच्या शेजारी पंपाचे सुटे भाग मिळतात, आणि त्यात रबराच्या ओ-रिंगा. अँबॅसेडरच्या टायरचा व्यास सुमारे साडेसहाशे मिलिमीटर, मॉडेलमध्ये २७ च्या आसपास. त्या मापाची रिंग शोधायला अर्धा तास द्या. १५ इंची रिम १६ मिलिमीटरची होते. तिच्या मध्यावरची चमकती टोपी म्हणून शिंप्याकडचे टिचबटण बसवा. पुढच्या दिव्याची काच सात इंची, म्हणजे १७८ मिलिमीटर, मॉडेलमध्ये ७.४. गोल गोळ्यांच्या पाकिटातला पारदर्शक फुगा साधारण तेवढाच असतो. खिडक्यांना नव्या शर्टाच्या खोक्यातले कडक प्लास्टिक. दाराच्या मुठी, आरसे, वायपर यांचे बारीक काम सोनाराच्या कानशी आणि चिमट्यांनी जसे होते तसे दुसऱ्या कशाने होत नाही. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे १६ रस्ते एकत्र येतात, किंवा नांदेडच्या वजिराबादेत एक संध्याकाळ फिरलात तर यादीतल्या बहुतेक वस्तू पिशवीत येतात.

क्रोमचे उत्तर तर मिठाईच्या दुकानात आहे. बंपर, जाळीची चौकट, खिडक्यांच्या पट्ट्या चकचकीत हव्यात, आणि चंदेरी रंग कितीही चांगला असला तरी राखाडी दिसतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पन्नी वापरता येते, पण तिची जाडीही प्रमाणाने मोजली तर जाणवते आणि वळणावर सुरकुत्या पडतात. चांदीचा वर्ख मात्र इतका पातळ असतो की श्वासाने उडतो. भागावर तेलाचे वॉर्निश लावा, बोटाला किंचित चिकटेल इतके वाळू द्या आणि वर्ख कागदासकट उलटा टेकवून मऊ ब्रशने दाबा. जास्तीचा भाग झटकला की निघून जातो. चांदी काळवंडते, म्हणून वरून पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात हवाच.

आता पांढरा रंग. नवशिक्याला वाटते पांढरी गाडी सोपी. रंगकाम करणाऱ्या पेंटरला विचारा, पांढरा किती त्रास देतो ते तो सांगेल. पांढरा खालचे काही झाकत नाही. पीव्हीसी अर्धपारदर्शक असल्यामुळे उजेडात गाडी आतून उजळून मेणबत्तीसारखी दिसते. म्हणून अंगाच्या आतल्या बाजूला आधी चंदेरी किंवा काळा हात, बाहेर राखाडी प्रायमर, मग पांढरा. प्रायमरवर ८०० च्या वॉटर पेपरने, शेवटच्या हातावर १५०० आणि २००० ने पाण्यात घासायचे. आणि डबा उघडून शुद्ध पांढरा मारू नये. लहान वस्तूवर रंग अधिक भडक वाटतो. पांढऱ्यात अगदी थोडा पिवळट किंवा राखाडी मिसळला की नजर त्याला सूर्यप्रकाशातली खरी गाडी मानते. सरकारी अँबॅसेडरचा पांढरा तसाही कधी निळसर-पांढरा नव्हता, तो दुधावरच्या सायीकडे झुकलेला होता.

रंगकामात हवामान निर्णायक असते, आणि ही गोष्ट परदेशी पुस्तकांत आपल्याला उपयोगी पडेल अशी लिहिलेली नसते. मे महिन्यात नांदेडला पारा ४० च्या वर गेला आणि हवा कोरडी असली की ड्यूको रंगाचे थेंब गनमधून निघून गाडीपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धवट वाळतात. पृष्ठभाग खरखरीत होतो. अशा दिवसांत पहाटे काम करा, गन थोडी जवळ धरा, हळू उडणारे थिनर वापरा. पावसाळ्यात उलटे संकट. थिनर झपाट्याने उडते, उडताना पृष्ठभाग थंड करते, आणि दमट हवेतले पाणी त्या थंड थरावर साचते. रंग दुधाळ, निस्तेज होतो. पांढऱ्यावर हे पटकन कळत नाही, चकाकी गेल्यावर कळते. काळ्या तळावर आणि पारदर्शक हातावर लगेच दिसते. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंतचा काळ आपल्याकडे रंगासाठी सर्वांत चांगला: कोरडी, सौम्य हवा, वारा कमी. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. गॅरेजमध्ये मारतात तो हार्डनर घातलेला टू-के रंग घरात मारू नका. त्यातले आयसोसायनेट फुफ्फुसांना कायमची इजा करू शकते आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. ते काम योग्य मास्क असलेल्या पेंटरकडे द्या. अनेक पेंटर अशी छोटी गाडी कौतुकाने मारून देतात.

गाडी चकचकीत झाली की पुष्कळजण थांबतात. मी म्हणेन, इथून पुढे ती मराठवाड्याची होते. धूळ लावायची तर खरीच माती घ्या, पण जमिनीवरून उचलून थेट नको. ०.१ मिलिमीटरचा कण मॉडेलवर अडीच मिलिमीटरच्या खड्यासारखा दिसतो. शेतातली काळी माती पेल्यात पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा. जड कण तळाला बसतील. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि वाळू द्या. त्या भांड्यात जी पूड उरते ती पुरेशी बारीक असते, कारण बेसाल्टची झीज होऊन बनलेल्या आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे सूक्ष्म कण भरपूर असतात. वाळल्यावर ही पूड राखाडी-तपकिरी दिसते, काळी नाही. गाडी उदगीरहून बीदरच्या पठाराकडे जाऊन आलेली दाखवायची असेल तर रंग बदलतो, तिथे जांभ्याची तांबूस धूळ लागते. धूळ कुठे बसते याचेही शास्त्र आहे. चाक चिखल मागे फेकते, म्हणून कमानीच्या मागच्या बाजूला आणि दाराच्या खालच्या पट्ट्यावर जास्त. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ तिकडे ओढली जाते, म्हणून डिकी आणि मागची काच पुढच्या भागापेक्षा मळकट. पुढच्या काचेवर वायपरने काढलेले दोन स्वच्छ पंखे. अधिकाऱ्याची गाडी रोज पुसली जाते, तिथे वरचा भाग लखलखीत आणि धूळ फक्त खालून. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभी असलेली गाडी मात्र सगळीकडून माखलेली.

आतले काम पाहणाऱ्याला काचेतून जेमतेम दिसते, तरी तेच तो लक्षात ठेवतो. पुढे एकसलग बाक, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर. मागच्या सीटच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल, मागच्या काचेला पडदे, डॅशबोर्डवर छोटा पंखा. टॉवेलसाठी टिश्यू पेपरचा एक पापुद्रा सोडवून पातळ फेविकॉलमध्ये भिजवा आणि सीटवर ठेवून सुईच्या टोकाने टोचत राहा. वाळल्यावर टॉवेलचे सूत दिसते. पडद्यांना हाच कागद, चुण्या घालून. बॉनेट उघडते ठेवायचे नसेल तर इंजिनावर वेळ घालवू नका.

राहिली गाडीची ढब. २४ चा घन १३,८२४. खरी अँबॅसेडर साधारण ११५० किलोची. तिला प्रमाणात आणले तर मॉडेलचे वजन जेमतेम ८३ ग्रॅम भरते. एवढे हलके मॉडेल टायरवर दबत नाही, आणि म्हणून ते जमिनीवर तरंगल्यासारखे दिसते. खऱ्या गाडीचे टायर तळाशी किंचित पसरलेले असतात. ओ-रिंगचा जमिनीला टेकणारा भाग अगदी थोडा घासून सपाट करा. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. मागे तिघे-चौघे बसले की गाडी मागून खाली जायची. मागचा आस अर्धा मिलिमीटर वर बसवला, म्हणजे अंग तेवढे खाली आले, की प्रवासी नसतानाही गाडी भरलेली वाटते.

आता सुरुवातीच्या त्या गिल्डच्या गोष्टीकडे वळू. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात एका लोहारकाम करणाऱ्या माणसाने २०२१ मध्ये भंगारातून पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि ती देशभर पाहिली गेली. आपल्याकडच्या पोरांनीही पिढ्यान्‌पिढ्या तारेच्या गाड्यांना फाटक्या चपलेची चाके लावली आहेत. हात आहेत, वस्तू आहेत. नाही ती फिशर गिल्डसारखी चौकट: एक ठरलेले प्रमाण, एक वार्षिक प्रदर्शन, शिष्यवृत्ती आणि परीक्षक म्हणून गॅरेजवाला, सुतार, सोनार. नांदेड-लातूरमध्ये तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था तर १९८१ पासून आहे. अशी स्पर्धा सुरू करायला त्यांना इमारत लागणार नाही, फक्त एक दालन आणि इच्छा लागेल.

तोपर्यंत तुमच्या हातात एक काम आहे. पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करण्याचा खर्च आणि सुटे भाग मिळेनासे झाल्याने उरलेल्या अँबॅसेडर दरवर्षी भंगारात जात आहेत. तुमच्या गावात एखादी उभी असेल तर या आठवड्यात जा. मालकाची परवानगी घेऊन चारही बाजूंनी लांबून फोटो काढा, जाळी, दिवे, दाराच्या मुठी, डॅशबोर्ड, नंबरप्लेट यांची मापे वहीत लिहा, आणि ती गाडी कोणाची होती, कोणत्या वर्षी घेतली, कुठे कुठे फिरली हे मालकाच्या तोंडून लिहून घ्या. मॉडेल तुम्ही पुढच्या वर्षी केले तरी चालेल. माप आजच घ्या.